घर कुणाच्या नावावर, राहण्याचा हक्क कुणाला?

प्रश्न : मी पुण्यात राहते आणि एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला चौदा वर्षे झाली, मुलगा सातवीत आहे. २०१५ मध्ये आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. करारनामा आणि गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे, हप्ता मात्र यजमानांच्या खात्यातून जातो. सुरुवातीची रक्कम उभी करताना माझे दागिने मोडले आणि माझ्या वडिलांनी चार लाखांचा धनादेश दिला. घरखर्च आणि मुलाची फी माझ्या पगारातून होते. आता आम्ही दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले आहे. यजमान म्हणतात, “तू तूर्त माहेरी जा. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळे राहावेच लागते. हप्ते मी भरले, तेव्हा घर माझे आहे.” मी गेले नाही तर हप्ते बंद करीन, कुलूप बदलीन, असेही ते बोलून गेले. सोसायटीच्या कामासाठी म्हणून एका मुद्रांक कागदावर माझी सही मागत आहेत. मी काय करावे?

उत्तर : ताई, दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्या आजच पाळायच्या आहेत. त्या कागदावर सही करू नका, आणि तोंडी आश्वासनावर विसंबून घर सोडू नका. सोसायटीच्या नेहमीच्या कामांना मुद्रांक कागद क्वचितच लागतो. हक्कसोडपत्राला किंवा बक्षीसपत्राला मात्र तो लागतो, आणि असा दस्त एकदा दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदवला गेला की तो रद्द करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे दावा चालवावा लागतो. कागदाची प्रत मागून घ्या आणि ती वकिलांनी वाचल्याशिवाय पुढे काहीही करू नका.

घर सोडल्याने तुमचा हक्क कायद्याने संपत नाही. पण घरात असलेल्या व्यक्तीला बाहेर काढणे जितके अवघड असते, तितकेच बाहेर पडलेल्या व्यक्तीला परत आत जाणेही अवघड होऊन बसते. याला अपवाद एकच : जिवाला किंवा मुलाला धोका वाटला तर क्षणभरही थांबू नका, मुलाला आणि कागदपत्रांना घेऊन निघा. हक्क नंतर मागता येतो.

एक वर्ष वेगळे राहण्याविषयी यजमानांनी जे सांगितले ते अर्धेच खरे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार परस्परसंमतीच्या अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते, परंतु विभक्त राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, आणि ते एकाच छपराखाली राहूनही असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे या कारणासाठी तुम्हाला माहेरी जाण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. घराच्या वादात मालकी कुणाची आणि राहण्याचा हक्क कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत, आणि दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच अनेक स्त्रिया आपल्या पदरातले सोडून देतात.

आधी मालकी. लग्न झाले म्हणून नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला आपोआप निम्मा वाटा मिळेल, असा नियम महाराष्ट्रात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मिळकत दोघांची मानली जाते. तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून आपल्याकडेही तसेच असेल, असे अनेकींना वाटते. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मिळकतीत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, परंतु लोकसभेत ते संमत होण्यापूर्वीच सभागृहाची मुदत संपली आणि ते व्यपगत झाले. ते पुन्हा आणले जावे, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या बाबतीत मात्र त्या विधेयकावाचून काही अडलेले नाही, कारण करारनाम्यावर तुमचे नाव आहे. मिळकत हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ असे सांगते की, दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत प्रत्येकाचा हिस्सा त्याने दिलेल्या पैशांच्या प्रमाणात धरला जातो, आणि कुणी किती दिले याचा पुरावा नसेल तर हिस्से समान मानले जातात. म्हणून “हप्ते मी भरले” हे वाक्य ऐकून घाबरू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. उद्या ते बँकेचे उतारे दाखवून मोठा हिस्सा मागू शकतात, तेव्हा तुमचाही पुरावा तयार असला पाहिजे.

वडिलांच्या धनादेशाची नोंद त्यांच्या बँकेच्या पुस्तकात असेल, तिचा उतारा घ्या. दागिने मोडल्याची सराफाची पावती, त्याच सुमारास तुमच्या खात्यात जमा झालेली आणि तिथून बिल्डरकडे गेलेली रक्कम, लग्नातील दागिन्यांची यादी किंवा छायाचित्रे, यांतले जे हाती लागेल ते जपा. स्त्रीधनावर पूर्ण मालकी स्त्रीची असते, अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितले आहे. इंडेक्स दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, भागप्रमाणपत्राची (शेअर सर्टिफिकेट) प्रत सोसायटीकडे मागा, कर्जाचा उतारा सहकर्जदार म्हणून तुम्हाला बँकेने दिलाच पाहिजे.

आणि एक मुद्दा तुमच्या वकिलांना आवर्जून मांडायला सांगा. किराणा, वीज, मुलाची फी हे सर्व तुमच्या पगारातून गेले म्हणून यजमानांचा पगार हप्त्यासाठी मोकळा राहिला. गेल्या दहा वर्षांतील घरखर्चाच्या नोंदी तुमच्या खात्यातून काढता येतील. हा पैसा करारनाम्यात दिसत नसला तरी तो या घरातच गेला आहे, आणि न्यायालयापुढे तो दिसला पाहिजे.

आता राहण्याचा हक्क. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा फक्त मारहाणीसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. आर्थिक छळ, राहत्या घराचा वापर नाकारणे, ज्या मिळकतीवर स्त्रीचा हक्क आहे ती परस्पर विकणे, हे सर्व त्या कायद्याच्या व्याख्येत येते. कलम १७ नुसार सामायिक घरात, म्हणजे पती-पत्नी संसार करून राहत असलेल्या घरात, राहण्याचा हक्क पत्नीला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली न्यायालय पतीला तुम्हाला घराबाहेर काढण्यास, घर विकण्यास किंवा गहाण टाकण्यास मनाई करू शकते, भाडे आणि तत्सम देणी भरण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू शकते, आणि गरज पडल्यास त्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते. तातडी असेल तर कलम २३ खाली, तुमच्या प्रतिज्ञापत्रावर, त्यांचे म्हणणे येण्यापूर्वीच अंतरिम आदेश मिळू शकतो. कुलूप बदलण्याची भाषा झाली आहे, तेव्हा वाट पाहू नका. ही भाषा मेसेजमध्ये असेल तर तो मेसेज पुसू नका.

हप्ते बंद करण्याची धमकी मला कुलपाइतकीच गंभीर वाटते. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणेघेणे नसते. तिच्या लेखी दोघेही पूर्ण कर्जाला जबाबदार आहेत. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत, ठरते, त्यानंतर बँकेला गहाण मिळकतीवर कारवाईचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि मग घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. दोघांच्याही पतमानांकनाला धक्का बसतो तो वेगळाच. म्हणून वाद मिटेपर्यंत हप्ते चालू ठेवावेत, असा आदेश अंतरिम अर्जातच मागा. तुम्हाला काही हप्ते भरावे लागले तर ते रोखीने यजमानांच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरा. त्यातला प्रत्येक रुपया पुढे तुमच्या हिश्श्याचा पुरावा होईल.

हे सर्व मागण्यासाठी वेगवेगळ्या न्यायालयांत फिरण्याची गरज नाही. पती-पत्नीमधील मिळकतीचा वाद कौटुंबिक न्यायालयाच्या अधिकारात येतो, आणि २००५ च्या कायद्याखालील दिलासाही कलम २६ मुळे तिथेच मागता येतो. पुण्याचे कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे. पोटगी, वैवाहिक मिळकतीचे वाद आणि घटस्फोट यांसाठी दाद मागणाऱ्या स्त्रियांना महाराष्ट्र शासनाने १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालय शुल्क माफ केले आहे. वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पोटगी मागितलीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निर्देशांप्रमाणे दोघांनाही आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागतील, आणि तिथे हे घर, त्यावरील कर्ज, यजमानांची इतर गुंतवणूक हे सर्व कागदावर येईल.

तुम्ही दोघे संमतीने वेगळे होणार असाल तर घराचा निर्णय संमतीच्या अटींतच लिहून घ्या. “घटस्फोट झाला की बघू” हे मान्य करू नका, कारण हुकूमनामा झाल्यावर पत्नी म्हणून राहण्याचा हक्क मागणे फार कठीण होते. तुमचा सहमालकीचा हक्क तेवढा उरतो, पण तो वसूल करायला वेगळा दावा लागतो.

अटी ठरवताना घराची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या आणि त्यातून शिल्लक कर्ज वजा करा. समजा, किंमत नव्वद लाख आली आणि कर्ज तीस लाख उरले, तर वाटायची रक्कम साठ लाख आहे. हे न सांगता, “मूळ किंमत पंचेचाळीस होती, त्यातले निम्मे घे” असा हिशेब तुमच्यापुढे ठेवला जाण्याचा संभव आहे. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा असेल तर बँकेला आधी विचारा. एकट्याच्या पगारावर कर्ज चालू ठेवायला बँक तयार असेल तरच दुसऱ्याचे नाव कर्जातून निघते, आणि घर सोडून दिले पण कर्जात नाव तसेच राहिले, अशा अवस्थेत अडकलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

यजमान त्यांचा हिस्सा तुम्हाला देणार असतील तर आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पतीने पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, नोंदणी शुल्क व स्थानिक अधिभार तेवढे वेगळे. घटस्फोटानंतर ते नाते उरत नाही आणि बाजारभावाने शुल्क भरावे लागू शकते. पण घटस्फोटाची संमती अंतिम हुकूमनाम्यापर्यंत मागे घेता येते, म्हणून देणाऱ्याला दस्त आधी करण्याची आणि घेणाऱ्याला घटस्फोट आधी होण्याची भीती वाटते. दस्त कोणत्या तारखेला नोंदवायचा, तोपर्यंत मूळ कागद कुणाकडे राहतील, रक्कम न्यायालयात जमा ठेवायची का, हे सर्व अटींत तारखांसह लिहा.

समझोता झालाच नाही, तर वाटपाचा दावा राहतो. फ्लॅटच्या मध्ये भिंत घालता येत नाही. अशा वेळी १८९३ च्या वाटप कायद्यानुसार निम्म्या किंवा अधिक हिश्श्याचा मालक विक्री मागू शकतो, आणि दुसरा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतो. हा मार्ग लांबचा आहे, पण तो आहे हे यजमानांनाही माहीत असले की बोलणी सरळ होतात.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक, वय ७२. भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून बांधलेले दुमजली घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मुलगा आणि सूनबाई यांचा घटस्फोटाचा अर्ज चालू आहे. मुलगा बंगळूरला निघून गेला, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात वरच्या मजल्यावर राहतात. घरात बोलणे बंद आहे आणि पत्नीला रक्तदाबाचा त्रास वाढला आहे. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज केला की सून महिन्याभरात बाहेर निघेल, असा सल्ला लोक देतात. शिवाय ती घरात हिस्सा मागेल अशीही भीती वाटते. मनाला पटत नाही, पण उपायही दिसत नाही.

उत्तर : आपल्या मनाला जे पटत नाही, ते कायद्यालाही सहजासहजी पटणारे नाही.

हिश्श्याची भीती आधी दूर करते. हे घर आपल्या स्वकष्टार्जित पैशांचे आहे. आपल्या हयातीत त्यात आपल्या मुलाचाही हक्क नाही, तेव्हा सूनबाईंना मालकी मिळण्याचा प्रश्नच येत नाही. घर वडिलोपार्जित असते, तर मुलाच्या हिश्श्याचा विचार त्याच्या ऐपतीचा भाग म्हणून पोटगीच्या हिशेबात आला असता. आपल्या बाबतीत तसे नाही.

राहण्याचा हक्क मात्र वेगळा आहे. २००६ च्या एका निकालामुळे, सासऱ्यांच्या एकट्याच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. सून त्या घरात कायमच्या संसारासाठी राहत असेल तर घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते तिचे सामायिक घर ठरू शकते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ डिसेंबर २०२० रोजी, त्याच न्यायालयाने ज्येष्ठ नागरिक कायद्याचा उपयोग करून सुनेचा हा हक्क सरसकट डावलता येणार नाही, असेही सांगितले. तेव्हा महिन्याभरात बाहेर काढण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला आहे, तो धरून चालू नका.

परंतु सुनेचा हा हक्क अमर्याद नाही. वृद्ध सासूसासऱ्यांना शांतपणे जगण्याचा हक्क आहे आणि दोन्हींचा तोल साधायचा आहे, हेही ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटले आहे. कायदेशीर मार्गाने, योग्य न्यायालयातून, तिला दुसरी जागा देण्याचा आदेश होऊ शकतो. ती जागा देण्याची किंवा तिचे भाडे भरण्याची जबाबदारी आपल्या मुलाची आहे. मला या सगळ्यात खटकते ते हेच की जो नवरा आहे तो दुसऱ्या शहरात निर्धास्त आहे, आणि भांडण त्याच्या आईवडिलांनी त्याच्या बायकोशी करायचे, अशी वेळ आली आहे. मुलाला स्पष्ट लिहा की, त्याने पत्नी आणि मुलीसाठी सांगलीतच, शाळेच्या जवळ, योग्य जागा घ्यावी आणि तसे घटस्फोटाच्या न्यायालयात लेखी द्यावे. सूनबाईंना हे आपण स्वतः सांगा, वकिलाच्या नोटिशीने नको. त्यांना बाहेर काढायचे नसून नीट सोय करून द्यायची आहे, हे कळल्यावर बोलणी सुरू होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

तोपर्यंत वरच्या मजल्याचे पाणी किंवा वीज तोडणे, जिन्याला कुलूप लावणे असे काहीही करू नका, आणि कुणी सुचवले तरी घाईने घर दुसऱ्या कुणाच्या नावावर करू नका. सामायिक घर टाळण्यासाठी केलेल्या हस्तांतरणाकडे न्यायालय संशयाने पाहते. घराविषयीची आपली इच्छा मृत्युपत्रात लिहिता येईल. ते लिहिताना नातीचा विचार करावा असे मला वाटते, पण तो आपला निर्णय आहे.

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. २०२२ मध्ये मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला. सर्व पैसे आणि हप्ते माझे. आता घटस्फोटाच्या वेळी ती म्हणते की घर तिचे आहे आणि ते विकणार आहे. माझे काहीच नाही का?

उत्तर : नोंदणीकृत दस्तावर ज्याचे नाव तोच मालक, असे न्यायालय सुरुवातीला गृहीत धरते, त्यामुळे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. मात्र दार बंद झालेले नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात, आपल्या ज्ञात उत्पन्नातून पतीच्या किंवा पत्नीच्या नावे घेतलेल्या मिळकतीला अपवाद आहे, त्यामुळे केवळ तिच्या नावावर आहे एवढ्या कारणाने आपला दावा फेटाळला जाणार नाही. प्रश्न हेतूचा असतो : घर घेताना ते पत्नीला देऊन टाकायचे होते, की घर दोघांचे आणि नाव फक्त सवलतीसाठी? स्त्रीच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सवलत महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून आहे, ती आपण घेतली, हा हेतूचा एक पुरावा. रक्कम कुणाच्या खात्यातून गेली, कर्जदार कोण, मूळ कागद कुणाकडे, देखभाल शुल्क कोण भरते, हे बाकीचे पुरावे. पत्नीनेही काही रक्कम दिली असेल किंवा नोकरी सोडून मुलांचे केले असेल, तर ते आपण स्वतःहून मान्य केलेत तर आपल्या म्हणण्याला वजन येईल.

लगेच करायचे काम म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात मालकी ठरवून मागणारा दावा आणि विक्रीला मनाई मागणारा अंतरिम अर्ज. कर्ज चालू असल्याने बँकेलाही वादाची लेखी कल्पना द्या. दावा दाखल होताच तो प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. बृहन्मुंबईत ही नोंद केलेली नसेल आणि दरम्यान घर विकले गेले, तर नव्या खरेदीदारावर निकाल बंधनकारक करून घेणे आपल्याला फार जड जाईल.